आत्याचा ठिपका

गगनबावडा रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की आमच्या कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या घरात कपाटातली भांडी किणकिणायला लागतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी तो कर्णा. आपलं गाणं बालिंग्यापासून रंकाळ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे अशी त्या माणसाची प्रामाणिक इच्छा असते. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घालत खिडकी लावून घेते. मग दुपारी कुठल्यातरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येतो आणि तीच खिडकी मी पुन्हा उघडते. माझं सगळं असंच आहे, बाळासाहेब म्हणतात. बाळासाहेब म्हणजे माझे यजमान.

यंदाचा पहिला ट्रॅक्टर गेला तेव्हा आत्या सोप्यात खुर्चीवर बसली होती. भांडी वाजली तशी तिनं मान तिरकी केली आणि म्हणाली, हंगाम आला, लाव गं ते. ते म्हणजे सिनेमाची डिस्क. लोकांच्या घरी हंगाम आला की काकवीची बाटली येते, नवा गूळ येतो. आमच्याकडं तेही येतं, पण त्याआधी एक जुना काळापांढरा सिनेमा लागतो आणि तोही अख्खा नाही, मधला एक तुकडा. सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्याच्या कथेवर बोलायला लागाल, आणि मला फक्त त्यातल्या नदीच्या घाटाबद्दल बोलायचंय.

आधी आत्याचं सांगते. ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि माझी सासूही. आमच्याकडं आत्याच्या घरात भाची देतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्यामुळं तिचं माहेर तेच माझं माहेर, नदीकाठचं. लग्नानंतर दोन-चार दिवस मी तिला 'अहो आत्या' म्हणून बघितलं. तिनंच सांगितलं की असलं बोलणं ऐकून अंगावर काटा येतो, आधीसारखं बोल. तेव्हापासून ती मला 'अगं' आणि मी तिला 'अगं'. भांडणंही त्याच सुरात. सासू-सुनेचं भांडण आत्या-भाचीच्या भाषेत केलं की ते फार टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

तिची एक खोड लहानपणापासून बघत आलेय. कुठलीही वस्तू उचलायच्या आधी ती तिच्यावर दोन बोटांनी टकटक करते. घागर, पातेलं, पाटा, गॅसचं सिलिंडर, काहीही. गावाकडं पाणवठ्यावर टेकवलेल्या घागरीच्या बुडाशी विंचू येऊन बसायचे. आधी वाजवायचं, त्याला जायला वेळ द्यायचा, मग उचलायचं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं. विंचू गेले, पाणवठाही गेला, नळ आले, टकटक राहिली. सकाळी मला जाग येते ती गजरानं नाही. स्वयंपाकघरात आत्या दुधाच्या पातेल्याला कळवत असते की बाबा, मी तुला उचलणार आहे.

तर तो सिनेमा. आत्याचं नवीन लग्न झालेलं आणि पहिल्या संक्रांतीला ती माहेरी आलेली. कोल्हापुरात तेव्हा सिनेमावाल्यांचा राबता होता, आणि आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात त्यांची गाडी यायचीच. त्या हंगामात ती आमच्या घाटावर आली. पहाटेचं धुकं, पलीकडं गुऱ्हाळाचा धूर, आणि बायका पाण्याला निघाल्यात, एवढंच त्यांना हवं होतं. गावातल्या बायकांनी आपापल्या घागरी घेऊन यावं, असा निरोप फिरला. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, आधी नाहीच म्हणाले. लेक आता दुसऱ्याची सून आहे, तिथं कुणी तोंड बघितलं तर काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आजीनं मध्ये पडून वाट काढली. पदर नाकाच्या खाली ओढायचा, तोंड दिसता कामा नये, मग जा. आत्या गेली. आमच्या अख्ख्या घराण्यात सिनेमात काम केलेली ती एकटी, आणि तिचं तोंड कुणाला दिसू नये अशी तजवीज घरच्यांनीच केलेली.

कंपनीनं प्रत्येकीला खणाचं कापड दिलं. त्याची चोळी आत्यानं विरून जाईपर्यंत वापरली, त्यामुळं पुरावा म्हणून तेही उरलं नाही. सासरी परतल्यावर तिनं सांगितलं तर तिच्या सासूनं विषयच मिटवला. म्हणे, सिनेमात बायका काय अशाच घेतात होय. पुढं तो सिनेमा शहरात लागला तेव्हा घरातली पुरुषमंडळी बघून आली, आणि आम्हाला काय तू दिसली नाहीस, असं आल्या आल्या सांगून मोकळी झाली.

मी लग्न होऊन आले तोवर घरात टीव्ही आला होता. कधीमधी तो सिनेमा लागायचा. लागला की आत्या हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची. घाटाचा तुकडा आला की ती म्हणायची, ती बघा मी, काठावरची. आम्ही बघायचो तर काय, सगळं धुरकट. प्रिंट जुनी, आमचा टीव्ही त्याहून जुना. बायका म्हणजे नुसत्या हलणाऱ्या सावल्या, आणि त्यांच्या बाजूला, अगदी काठाजवळ, एक पांढरा ठिपका. ठिपका बघून कुणीतरी म्हणालं, तीच आत्या. झालं. तेव्हापासून घरात तो 'आत्याचा ठिपका'. नातवंडं आली, तीही ठिपक्याला हात जोडायची. आत्या उठून कामाला लागायची. हसण्यात माझा आवाज मोठा असायचा. माझा आवाज मुळातच मोठा आहे.

ही डिस्क घरात आली तो हंगाम काही फार जुना नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर आत्या पोळीच्या कडा तेवढ्या भाजायला लागली. मधला भाग कच्चा. मला वाटलं वय झालं, लक्ष नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू नाही, पडद्याचा मधला भाग झिजलाय. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. आहे ते हळूहळू कमी होणार, थांबवायचा प्रयत्न करू, परत आणता येणार नाही. आत्यानं मान तिरकी करून डॉक्टरांकडं बघितलं आणि एकच विचारलं. पिक्चर बघाय येईल न्हवं? डॉक्टर म्हणाले, बघा की आजी, लवकर बघून घ्या.

रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, कुठला पिक्चर? कुठला ते मला ठाऊकच होतं. रंकाळ्यावरून येताना वारा गार लागत होता. त्याच रिक्षात मी ठरवलं की ह्या हंगामात हिला तो सिनेमा स्वच्छ दाखवायचा.

आमची पुतणी मृणाल परदेशात शिकते. तिला फोनवर सांगितलं. तिनं शोधून काढलं की जुने सिनेमे धुऊन-पुसून नवे करणाऱ्या तिकडच्या एका छोट्या संस्थेनं हा सिनेमाही केलाय, आणि तो त्या नव्या तऱ्हेच्या, फार स्पष्ट चित्राच्या डिस्कवर मिळतो. मूळ रिळावर होतं तेवढं सगळं चित्र, कडा न कापता. मृणालचा कोण मित्र पुण्याला येणार होता, त्याच्याकरवी डिस्क आली. नवी वस्तू म्हणून आत्यानं ती आधी देवापुढं ठेवली. आमच्या घरात मिक्सर, मोबाईल, बाळासाहेबांचे चालायचे बूट, सगळं आधी देवापुढं जातं, मग वापरात. डिस्कनंही एक रात्र देव्हाऱ्यात काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लॅपटॉपपुढं बसलो. बाळासाहेबांनी डिस्क आत सरकवली. घरघर झाली, आणि पडद्यावर आलं की कृपया डिस्क घाला. काढली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. मी पतसंस्थेत नोकरी केली, आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पहिला हात लावणारी मी. त्यामुळं घरात कॉम्प्युटरचा शेवटचा शब्द माझा. मी जाहीर केलं की लॅपटॉप बिघडलाय. मृणालनं फोनवर समजावलं की लॅपटॉप ठीक आहे, पण त्यातला ड्राइव्ह साध्या डिस्कचा. ह्या डिस्कवरचं लिखाण फार बारीक असतं, ते वाचायला वेगळा ड्राइव्ह लागतो. माझा शेवटचा शब्द तिथं संपला.

ड्राइव्ह मिळाला आमच्या गल्लीतच. दिगंबर लग्नाचं शूटिंग करतो. मध्यंतरी काही हौशी लोकांना लग्न अशाच डिस्कवर हवं असायचं, म्हणून त्यानं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतला होता. आता सगळ्यांना लग्न मोबाईलवर लागतं, त्यामुळं तो कपाटात पडून होता. घेऊन जावा वहिनी, म्हणाला, फक्त लग्नसराई सुरू झाली की परत द्या, एका पार्टीचं काम हाय. बाळासाहेबांनी डिस्क इकडून काढून तिकडं घातली. आता ड्राइव्हला डिस्क दिसली, पण लॅपटॉप म्हणाला, ही कशानं चालवू ते सांगा.

इथून माझा खरा हंगाम सुरू झाला. ही डिस्क चालवायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विकतचं मिळतं, पण ते दर वर्षी पुन्हा घ्यायचं. बाळासाहेब म्हणाले, घेऊन टाक. मी म्हटलं, आयुष्यात एक सिनेमा बघायचा, त्यातला एक तुकडा, त्याला वर्षाची वर्गणी कशाला? फुकट मिळेल. आणि एकदा मी असं म्हटलं की ते मिळवणं मला भाग असतं.

फुकट ह्या शब्दाला इंटरनेटवर किती तोंडं असतात ते मला त्या महिन्यात कळलं. पहिलं सॉफ्टवेअर सुरू तर झालं, फक्त चित्राच्या बरोब्बर मध्ये त्याचं स्वतःचं नाव, आडवं, हळदीच्या कार्यक्रमातल्या बॅनरएवढं. दुसरं आलं ते आपले सगेसोयरे घेऊनच आलं. लॅपटॉपचं पहिलं पान बदललं, आणि दर घटकेला लाल चौकट येऊन सांगायची की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. धोका तूच आहेस, मी त्याला म्हणायची. ते घालवायला एक अख्खी दुपार गेली. तिसऱ्यानं नायिका झोपाळ्यावर बसेपर्यंत सिनेमा दाखवला आणि मग म्हणालं, पुढं बघायचं तर कार्डाचा नंबर घाला. मी पडद्याला जे बोलले ते ऐकून आत्या सोप्यातून म्हणाली, कुणाला गं?

बाहेर हंगाम भरात होता. म्हशींना उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं येत होतं, शेजारच्या गोठ्यातून त्याच्या हिरव्या वासाची थंडी घरात शिरायची. संक्रांत आली, गेली. एका रविवारी माहेरच्या गावी गेलो, आत्याला घेऊन. भावाच्या शेताशेजारी अजून एक गुऱ्हाळ चालतं. रस उकळायच्या मोठ्या काहिलीभोवती वाफेत माणसं उभी होती, त्यातली निम्मी कामाची नव्हती. कुणी रस्त्यानं जाणारा, कुणी पावणा. आमच्याकडं गुऱ्हाळावर गेलेल्याला कुणी विचारत नाही की तू कोण. आधी रसाचा तांब्या, मग पळसाच्या पानावर गरम गूळ. आत्यानं बोट भाजून घेत गूळ खाल्ला. तिला काहिल दिसत नव्हती, पण काहिलीच्या कडेनं फिरणारी माणसं दिसत होती. ती तिरकी मान करून त्यांची नावं ओळखत बसली, आणि बहुतेक बरोबर ओळखली. निघताना घाटाकडं चल म्हणाली. घाटावर आता पाणी उपसायच्या मोटारींची रांग आणि त्यांचे पाइप, पायऱ्या तेवढ्या त्याच. तिनं वरच्या पायरीवर उभं राहून बराच वेळ वारा खाल्ला.

त्याच संध्याकाळी मृणालनं एका सॉफ्टवेअरचं नाव पाठवलं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या फावल्या वेळात मिळून केलेलं. जाहिरात नाही, नंबर नाही, काही नाही. मला विश्वास बसेना. कोण कशाला असं करेल, मी तिला विचारलं. मग माझं मलाच हसू आलं, कारण हाताला अजून गुळाचा चिकटा होता. मी ते सॉफ्टवेअर घेतलं. कंपन्यांच्या बहुतेक डिस्कांना कुलूप असतं, ते ह्याला उघडत नाही, पण ह्या छोट्या संस्थेनं कुलूप घातलेलंच नव्हतं, तसं डिस्कच्या पाकिटावर लिहिलं होतं. सिनेमा सुरू झाला. आणि काय चित्र ते. झोपाळ्याच्या कड्या दिसत होत्या, नायिकेच्या पातळाचे धागे दिसत होते. मी आत्याला हाक मारली. ती येऊन बसली, पदर नीट केला. आम्ही बघत बघत घाटापर्यंत आलो. धुकं आलं, गुऱ्हाळाचा धूर आला, पहिल्या बाईचा पाय पायरीवर पडला, आणि चित्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. पुन्हा लावलं, तिथंच थांबलं. त्या पायावर. पुढं सरकवलं तर एकदम सिनेमाच्या शेवटी, लग्नाच्या वाजंत्रीत जाऊन पडायचं. मधलं काही नाही. आठवडाभर मी त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या खिडक्या उघडून बघितल्या, हे चालू कर, ते बंद कर. मृणाल तिकडून पहाटे उठून सांगायची. बाई पाय उचलायला तयार नाही. बाळासाहेब शेवटी चिडले, ते क्वचित चिडतात. म्हणाले, फुकटातलं ते, एवढंच चालणार, तुझ्या हट्टापायी तिचे डोळे जातील. ते मला लागलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी रात्री मनातल्या मनात विकतचं घ्यायला तयार झाले. सकाळी घेऊ, म्हटलं.

सकाळी दिगंबर आला. लग्नसराईच्या तारखा लागल्या होत्या, ड्राइव्ह हवा होता. मी ड्राइव्हचं बटण दाबून डिस्क काढली. एवढ्या दिवसांत ती मी स्वतः पहिल्यांदाच हातात घेतली. आधी सगळं बाळासाहेबांनी केलेलं, चित्राची बाजू वर ठेवून, आणि मग ती आतच होती. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात डिस्कच्या चकचकीत बाजूवर मला एक बोट दिसलं. हळदीचं पिवळं, त्यावर कुंकवाचं लाल, आणि वाळून बसलेलं.

मी ती आत्यापुढं धरली. तिला ते दिसलं नाही, बोट फिरवल्यावर कळलं. मीच लावलंय की, ती म्हणाली, देवापुढं ठेवली तवा, नवी वस्तू, मोकळी कशी ठेवायची? मी म्हटलं, अगं पण ह्या बाजूला का? दुसऱ्या बाजूला लावायचं. तर म्हणाली, त्या बाजूला त्या हिरॉइनीचं चित्र हाय म्हणून तूच सांगितलंस, तिला मी कशाला कुंकू लावू, ती माझी कोण?

बाळासाहेब मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. दिगंबरनं कपाळाला हात लावला. त्यानं सांगितलं की सगळं लिखाण ह्याच बाजूला असतं, आतून बाहेर, गोल गोल. बोट लागलंय तिथं घाटाचा तुकडा असणार. एवढ्या दिवसांत मी जगभरच्या लोकांना नावं ठेवली, आणि अडचण आमच्या देव्हाऱ्यातून आलेली. मी कोमट पाण्यात साबणाचा थेंब घातला. आत्यानं आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणून दिला. दिगंबर म्हणाला, गोल पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. हळद जाता जाईना, पण शेवटी गेली. जाताना लुगड्यावर उतरली.

ड्राइव्ह तसाच जोडलेला ठेवून दिगंबरही बसला. घाट आला, पाय पायरीवर पडला, आणि ह्या वेळी दुसरा पायही पडला. बाया उतरायला लागल्या. धुक्यातून एकेक. इतकं स्वच्छ की घागरींवरचे पोचे मोजावेत. आणि काठाजवळ तो ठिपका. दिगंबरनं चित्र थांबवलं. आम्ही सगळे पुढं वाकलो.

ठिपका म्हणजे धुण्याचा दगड होता. त्याच्यावर कुणाचंतरी पांढरं धोतर वाळत घातलेलं.

बाहेरून ट्रॅक्टर गेला, भांडी वाजली. बाळासाहेब हळूच म्हणाले, असू दे आई, प्रिंट वेगळी असेल. इतकी वर्षं ज्याला हसलो तो साधा दगड निघाला ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आत्याची मान मात्र तिरकीच होती. ती म्हणाली, "ठिपका तुमीच म्हणत हुता. मी कवा म्हणलो? मी म्हणलो काठावरची."

आमच्या भागात बायकाही 'मी म्हणलो, मी गेलो' असंच बोलतात. ती खरंच कधी ठिपका म्हणाली नव्हती. मी दिगंबरला म्हटलं, पुन्हा मागं घे. आणि ह्या वेळी मी नदीचा काठ सोडला आणि चित्राचा काठ बघायला लागले, ती बघत होती तसा. दिगंबर म्हणाला, बरोबर हाय वहिनी, जुन्या टीव्हीत कडा कापून जायच्या, हे इथलं तुम्ही कधी बघितलंच नसणार.

चित्राच्या अगदी उजव्या कडेला, सगळ्या बायकांच्या मागं, एक बाई पायरीजवळ उभी होती. अंगानं काटकुळी. पदर नाकाच्या खाली ओढलेला, त्यामुळं तोंड नाहीच. कुणीही असती. तिची घागर भरून पायरीवर ठेवलेली होती. बाकीच्या बायका आपापल्या घागरी उचलून चालायला लागल्या. ही वाकली. हात पुढं केला. आणि घागर उचलायच्या आधी तिनं दोन बोटांनी तिच्यावर टकटक केलं.

सिनेमात त्या वेळी नुसती सनई वाजते. पण मला ते ऐकू आलं. ते मी रोज सकाळी अंथरुणात ऐकते. मग ती बाई थोडी थांबली, विंचवाला जायला वेळ दिला, आणि घागर कमरेवर घेऊन त्या बायकांच्या मागं धुक्यात गेली.

मी ओरडलेच. आत्या, तू आहेस, मी म्हटलं, तूच आहेस. दिगंबरला पुन्हा लावायला सांगितलं, बाळासाहेबांना बोट लावून दाखवलं. टकटक बघितल्यावर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आईला त्यांनी तिच्या तरुणपणी, त्यांच्या जन्माआधी, अशी चालताना बघितलं. दिगंबरनं ते पुन्हा पुन्हा लावलं आणि दर वेळी ती वाकली, वाजवलं, थांबली, उचललं. मी आत्याच्या खुर्चीशी जाऊन बसले. रडत होते आणि हसतही होते, मला त्याची लाज वाटत नाही.

आता दोन हंगाम झाले. तिला आता कडेचंही फारसं दिसत नाही. तरी ट्रॅक्टर सुरू झाले की लाव म्हणते, मी दिगंबरचा ड्राइव्ह मागून आणते, आणि कुणी पावणं आलं असेल तर त्यांना समोर बसवते. स्वतः पडद्याकडं तोंडही करत नाही. आम्ही 'आली, आली' म्हणतो तेवढं ऐकते आणि मान हलवते. डिस्क परत पाकिटात घालताना मात्र, आता चित्राच्या बाजूला, हिरॉइनीच्या कपाळावर, कुंकू लावते.

त्या दिवशी मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं होतं, अगं पण तुला दिसलं का? खरं सांग. एवढा खटाटोप तुझ्यासाठी केला.

"मला कशाला बघाय पायजे?" ती म्हणाली. "मी तिथं हुतो की. तुमास्नी दिसलं न्हवं? झालं तर मग. चहा टाक आता, दिगंबर कवाचा बसलाय."